पुढची कड, मागची कड: अवरक्त मुक्त-इलेक्ट्रॉन लेसरच्या स्पंदाचा इतिहास

मुक्त-इलेक्ट्रॉन लेसरमध्ये प्रकाश कोणत्याही अणूतून वा रेणूतून निघत नाही. त्वरकातून जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने बाहेर पडलेले इलेक्ट्रॉन आलटूनपालटून उत्तर-दक्षिण ध्रुव मांडलेल्या चुंबकांच्या रांगेतून नेले जातात. या रांगेला अंड्युलेटर म्हणतात. तिच्यातून जाताना इलेक्ट्रॉन डावीउजवीकडे हेलकावत पुढे सरकतात आणि प्रत्येक हेलकाव्याला थोडा प्रकाश सोडतात. या प्रकाशाची तरंगलांबी चुंबकांमधील अंतर, त्यांचे क्षेत्र आणि इलेक्ट्रॉनांची ऊर्जा यांवर ठरते. ऊर्जा दुप्पट केली की तरंगलांबी चौपटीने घटते. म्हणून काही सेंटिमीटर अंतरावर मांडलेल्या चुंबकांतून काही मायक्रोमीटर लांबीचे तरंग निघू शकतात आणि यंत्राची ऊर्जा किंवा चुंबकीय क्षेत्र बदलून हवी ती तरंगलांबी निवडता येते. अवरक्त पट्ट्यात, विशेषतः दहा मायक्रोमीटरच्या पलीकडे, नेहमीच्या लेसरांचा तुटवडा असतो. या यंत्राचे महत्त्व तिथेच सर्वांत जास्त आहे.

त्वरक मात्र इलेक्ट्रॉनांची अखंड धार देत नाही. इलेक्ट्रॉन पुंजक्यांनी येतात आणि एकेक पुंजका काही पिकोसेकंदांचाच असतो. एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाच्या एक लक्ष कोटीव्या भागाइतका काळ. तेवढ्यात प्रकाश ०.३ मिलिमीटर जातो. पुंजके आखूड, म्हणून प्रकाशही आखूड स्पंदांतच येतो. त्या स्पंदाचा आकार कसा असतो, त्याची पुढची कड कशी चढते आणि मागची कशी उतरते, हा प्रश्न पहिल्या यंत्राबरोबरच उभा राहिला. त्याचे उत्तर आधी गणिताने दिले. ते उपकरणाने पडताळून पाहायला सुमारे दोन दशके लागली. या क्षेत्राच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा धागा हाच आहे.

अंड्युलेटरची कल्पना लेसरपेक्षा जुनी. स्टॅनफर्ड विद्यापीठात हान्स मॉट्झ यांनी १९५१ मध्ये तिचे गणित मांडले आणि १९५३ मध्ये सहकाऱ्यांसह अशा चुंबकरांगेतून प्रकाश व मिलिमीटर तरंग मिळवून दाखवले. त्याच दशकाच्या अखेरीस रॉबर्ट फिलिप्स यांनी जनरल इलेक्ट्रिक कंपनीत ‘युबिट्रॉन’ ही सूक्ष्मतरंगांची नळी बनवली. तिच्यातही हेलकावणारा इलेक्ट्रॉनझोतच तरंगांना बळ देत होता. पण लेसर म्हणता येईल असा विचार १९७१ मध्ये जॉन मेडी यांनी मांडला. चुंबकरांगेतून जाणाऱ्या झोताबरोबर त्याच तरंगलांबीचा प्रकाश सोडला, तर तो इलेक्ट्रॉनांकडून ऊर्जा घेऊन वाढेल, असे त्यांनी दाखवले. मेडींची मांडणी पुंजयामिकीच्या भाषेत होती. पुढे काही वर्षांतच असे स्पष्ट झाले, की ही वाढ न्यूटन आणि मॅक्सवेल यांच्या अभिजात समीकरणांनीही समजावता येते. ही गोष्ट संगणकाच्या दृष्टीने फार उपयोगाची ठरली, कारण अभिजात समीकरणांत एकेका इलेक्ट्रॉनचा मार्ग पायरीपायरीने काढता येतो.

स्टॅनफर्डमध्ये अतिसंवाहक त्वरक तयार होता. त्याच्या वाटेवर ५.२ मीटर लांबीचा, दर ३.२ सेंटिमीटरला एक आवर्तन घेणारा सर्पिल अंड्युलेटर बसवण्यात आला. १९७६ मध्ये ल्यूइस इलायस, विल्यम फेअरबँक, मेडी, ॲलन श्वेटमन आणि टॉड स्मिथ यांनी २४ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टच्या झोतासोबत कार्बन डायऑक्साइड लेसरचा १०.६ मायक्रोमीटरचा प्रकाश सोडला. एका फेरीत त्याची तीव्रता सात टक्क्यांनी वाढली. पुढच्या वर्षी डेव्हिड डीकन आणि सहकाऱ्यांनी बाहेरचा लेसर काढून टाकला, अंड्युलेटरच्या दोन्ही बाजूंना आरसे उभे केले आणि ऊर्जा सुमारे ४३ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत नेली. यंत्र ३.४ मायक्रोमीटरवर स्वतःच्या बळावर लेसर म्हणून चालू लागले.

आरशांमधले अंतर १२.७ मीटर होते. प्रकाशाचा स्पंद जाऊन परत यायला सुमारे ८५ नॅनोसेकंद लागत, आणि तेवढ्याच अंतराने नवा पुंजका येत असे. स्पंद आणि पुंजका प्रत्येक फेरीला अंड्युलेटरच्या तोंडाशी एकत्र पोचायला हवेत, एवढे उघड होते. त्यातला सूक्ष्म भाग मात्र उघड नव्हता. इलेक्ट्रॉन प्रकाशापेक्षा किंचित हळू असतात, शिवाय त्यांची वाट नागमोडी. परिणामी अंड्युलेटरच्या प्रत्येक आवर्तनाला प्रकाश इलेक्ट्रॉनांच्या बरोबर एक तरंगलांबी पुढे निसटतो. स्टॅनफर्डच्या रांगेत सुमारे १६० आवर्तने होती, म्हणजे एका फेरीत ही आघाडी साधारण अर्धा मिलिमीटर, वेळेत जेमतेम पावणेदोन पिकोसेकंद. पुंजकाच जर काही पिकोसेकंदांचा, तर हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे इलेक्ट्रॉन आत शिरल्याशिरल्या प्रकाशाला काही देत नाहीत. आधी प्रकाशाचे क्षेत्र काहींना थोडे वेगवान, काहींना थोडे मंद करते. मग पुढचे मंदावतात, मागचे त्यांना गाठतात आणि एकेका तरंगलांबीच्या अंतराने इलेक्ट्रॉनांची दाटी होते. अशी दाटी झाली की मगच ते एकतालात प्रकाश सोडतात, आणि हे घडते अंड्युलेटरच्या उत्तरार्धात. तोवर प्रकाशाचा पुढचा भाग निघून गेलेला असतो. ऊर्जा मिळते ती मागच्या भागाला. दर फेरीला मागची कड वाढते, पुढची आरशांवर झिजते, आणि स्पंदाचा मध्य हळूहळू मागे सरकत जातो. आरशांमधले अंतर पुंजक्यांच्या तालाशी अगदी तंतोतंत जुळवले, तर स्पंद मागे पडत पडत पुंजक्याच्या आवाक्याबाहेर जाईल आणि लेसर विझेल. उपाय एकच: आरसा काही मायक्रोमीटर आत घ्यायचा, म्हणजे प्रकाश किंचित लवकर परत येतो आणि मागे पडण्याची भरपाई होते. १२.७ मीटरमध्ये काही मायक्रोमीटर!

प्रकाशाच्या या मागे रेंगाळण्याला १९७९ मध्ये मार्लन स्कली यांच्या गटाने ‘लेसरचा आळस’ असे नाव दिले आणि ते टिकले. त्याच सुमारास विल्यम कोल्सन यांनी इलेक्ट्रॉनची गती लंबकाच्या समीकरणात बसवली. प्रकाशाच्या क्षेत्रातला इलेक्ट्रॉन हा लंबकासारखाच झुलतो किंवा गरगर फिरतो. हे समीकरण इतके सुटसुटीत होते, की त्या काळच्या संगणकावरही हजारो इलेक्ट्रॉनांचे मार्ग काढणे शक्य झाले. आखूड स्पंदासाठी प्रकाशाचे लांबीच्या दिशेने बारीक काप करायचे, प्रत्येक कापाशी त्या क्षणी असलेल्या इलेक्ट्रॉनांचा हिशेब मांडायचा, एक पाऊल पुढे जायचे आणि प्रकाश एक काप पुढे ढकलायचा. अंड्युलेटर संपला की आरशांचा तोटा वजा करायचा, पुढची फेरी सुरू. शेकडो फेऱ्यांनंतर स्पंदाचा आकार कागदावर उतरे. कोल्सन यांच्यासोबत या सिद्धांतावर शोधनिबंध लिहिणाऱ्यांत स्टॅनफर्डच्या सॅली राइड होत्या. १९८३ मध्ये अंतराळात जाणारी पहिली अमेरिकन महिला म्हणून जग त्यांना ओळखते. मुक्त-इलेक्ट्रॉन लेसरच्या पायाभरणीतला त्यांचा वाटा त्या मानाने फारच कमी सांगितला जातो. इटलीत फ्रास्कातीच्या प्रयोगशाळेत जुझेप्पे दात्तोली आणि अल्बेर्तो रेनिएरी यांनी याच प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला. फेरीगणिक ज्याचा आकार तोच राहतो, अशा स्पंदरूपांचा त्यांनी शोध घेतला.

१९८० च्या दशकात अमेरिकेत या यंत्रांकडे लष्करी पैशाचा ओघ वळला. क्षेपणास्त्रविरोधी शस्त्र म्हणून प्रचंड शक्तीचा लेसर बनवण्याची आकांक्षा त्यामागे होती. ते शस्त्र झाले नाही, पण लॉस ॲलामॉस प्रयोगशाळेत १९८३ मध्ये चालू झालेल्या दहा मायक्रोमीटरच्या लेसरने एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. शक्ती वाढवत नेली की वर्णपटात मुख्य रेषेशेजारी उपरेषा उगवतात. गणनेने त्याचे कारण सांगितले: प्रबळ प्रकाशात अडकलेले इलेक्ट्रॉन अंड्युलेटरमध्येच पुढेमागे झुलतात, त्या झुल्याची छाप प्रकाशावर उमटते आणि एक गुळगुळीत स्पंद अनेक टोकदार शिखरांत फुटतो. वर्णपट मोजता येत होता. ती शिखरे काळात एकामागोमाग कशी उभी आहेत, हे पाहण्याचे साधन मात्र नव्हते.

चित्र बदलले ते युरोपात, आणि तेही शस्त्रांशी संबंध नसलेल्या प्रयोगशाळांत. नेदरलँड्समधील निऊवेगाइन गावी ‘फेलिक्स’ हा लेसर १९९१ मध्ये चालू झाला, पॅरिसजवळ ओर्से येथे ‘क्लिओ’ १९९२ मध्ये. दोन्ही यंत्रे रसायन आणि पदार्थविज्ञानाच्या संशोधकांना वापरायला देण्यासाठी उभारली होती, त्यामुळे स्पंद किती आखूड आणि किती भरवशाचा, हा तिथे रोजच्या कामाचा प्रश्न होता. फेलिक्सचा अंड्युलेटर अवघ्या ३८ आवर्तनांचा, प्रत्येक आवर्तन ६५ मिलिमीटरचे. आरशांमधले अंतर सहा मीटर, फेरीचा वेळ ४० नॅनोसेकंद. ४० मायक्रोमीटरच्या प्रकाशावर हे यंत्र चालवले, तर एका फेरीत प्रकाश इलेक्ट्रॉनांच्या सुमारे दीड मिलिमीटर, म्हणजे पाच पिकोसेकंद पुढे निसटतो, आणि इलेक्ट्रॉनांचा पुंजका त्याहून आखूड असतो. अंड्युलेटर संपेपर्यंत संपूर्ण पुंजका प्रकाशाच्या स्पंदावरून घसरत मागे गेलेला असतो. कोल्सन आदींनी कागदावर मांडलेली टोकाची अवस्था इथे प्रत्यक्षात उभी होती.

तिचा पहिला ठळक पुरावा १९९३ मध्ये मिळाला. फेलिक्समध्ये पुंजक्यांची गाडी दर वेळी काही मायक्रोसेकंद चालते. डीनो यारोशिन्स्की, लेक्स व्हॅन डर मेर, डिक ऊप्ट्स आणि सहकाऱ्यांनी त्या अवधीत प्रकाशाची शक्ती नोंदवली, तेव्हा ती एका पातळीला स्थिर न होता लाटांसारखी वरखाली होताना दिसली. गणनेत हे आधीच दिसले होते. आरसा आत घेतल्यामुळे स्पंद दर फेरीला थोडा पुढे सरकतो. मागच्या कडेवर वाढलेले शिखर असे सरकत सरकत पुंजक्याच्या आवाक्यातून पुढे निघून जाते आणि आरशांच्या तोट्याने विझू लागते. दरम्यान मागे नवे शिखर उगवते. आकडे घालून पाहावे. आरसा ४० मायक्रोमीटर आत असेल, तर जाऊन येऊन प्रकाशाची ८० मायक्रोमीटर वाट वाचते. दीड मिलिमीटरची आघाडी ओलांडायला साधारण १९ फेऱ्या लागतील, म्हणजे पाऊण मायक्रोसेकंद. इतका संथ चढउतार साध्या शोधकालाही टिपता येतो. स्पंदाच्या आत, पिकोसेकंदांच्या जगात काय चालले आहे, याची खूण मायक्रोसेकंदांत वाचण्याची ही युक्ती फार सुंदर होती.

याच अभ्यासातून एक व्यावहारिक अडचणही समोर आली. आरसा जास्त आत घेतला तर प्रकाश लवकर वाढतो, पण स्पंद लांबट होतो. अंतर तंतोतंत जुळण्याच्या जवळ नेले तर शक्ती जास्त आणि स्पंद आखूड, पण वाढ इतकी मंद की पुंजक्यांची गाडी संपायच्या आत लेसर भरात येत नाही. फेलिक्सच्या गटाने १९९३ मध्येच तोडगा काढला: सुरुवातीला जास्त फरक ठेवायचा आणि गाडी चालू असतानाच पुंजक्यांचा ताल किंचित बदलून फरक कमी करायचा. आरशाला हात न लावता दोन्ही अवस्थांचे फायदे मिळाले.

त्याच वर्षी क्लिओवर फ्राँस्वा ग्लोताँ, झाँ-मिशेल ओर्तेगा आणि सहकाऱ्यांनी एका पिकोसेकंदाहून आखूड अवरक्त स्पंद मिळाल्याचे जाहीर केले. १९९५ मध्ये फेलिक्सवर गिडो निपेल्स यांच्या गटाने दूर अवरक्तात प्रकाशतरंगाच्या अवघ्या सहा आवर्तनांइतक्या लांबीचे स्पंद दाखवले. ३० मायक्रोमीटरच्या तरंगाचे एक आवर्तन १०० फेम्टोसेकंदांचे, म्हणजे सहा आवर्तने ०.६ पिकोसेकंदांत संपतात.

हे मोजले कसे? इलेक्ट्रॉनिक शोधकांची प्रतिक्रिया इतकी जलद नसते, त्यामुळे स्पंद स्वतःच्याच मापाने मोजावा लागतो. स्पंदाचे दोन भाग करायचे, एकाच्या वाटेतला आरसा सरकवून त्याला उशीर करायचा आणि दोन्ही भाग एका स्फटिकात एकत्र आणायचे. दोघे एकाच वेळी आले तरच स्फटिकातून दुप्पट वारंवारतेचा प्रकाश निघतो. आरसा ०.१५ मिलिमीटर हलवला की एक पिकोसेकंदाचा फरक पडतो, त्यामुळे काळाचे मोजमाप लांबीच्या मोजमापात येते. या स्वसहसंबंध पद्धतीत एक जन्मजात उणीव आहे. स्पंद स्वतःशीच ताडला जातो, म्हणून मिळणारा आलेख नेहमी दोन्ही बाजूंनी सारखा येतो. स्पंद पुढे तीव्र आणि मागे सपाट असो की उलट, आलेख तोच. आणि मुक्त-इलेक्ट्रॉन लेसरच्या बाबतीत नेमका प्रश्न होता तो पुढच्या आणि मागच्या कडेतल्या फरकाचा!

१९९७ मध्ये स्टॅनफर्डच्या लेसरवर ब्रूस रिचमन, मार्को क्रुम्ब्यूगेल आणि रिक ट्रेबिनो यांनी पुढचे पाऊल टाकले. स्फटिकातून निघालेल्या प्रकाशाचा फक्त जोर न मोजता प्रत्येक उशिरासाठी त्याचा पूर्ण वर्णपट त्यांनी नोंदवला. अशा द्विमितीय नोंदीवरून संगणक स्पंदाची तीव्रता आणि कला (फेज) दोन्ही काढू शकतो. ‘फ्रॉग’ नावाने ओळखली जाणारी ही पद्धत ट्रेबिनो यांनी काही वर्षांपूर्वी दृश्य लेसरांसाठी विकसित केली होती. तरीही दुप्पट वारंवारतेवर चालणाऱ्या तिच्या रूपात काळाची दिशा आपोआप ठरत नाही.

दिशा ठरवायची तर बाहेरचा, ओळखीचा आणि कितीतरी आखूड असा दुसरा स्पंद हवा. फेलिक्समध्ये १० फेम्टोसेकंदांचे स्पंद देणारा टायटॅनियम-सफायर लेसर आणण्यात आला. अडचण वेगाची नव्हती, ताल राखण्याची होती. खोलीभर त्वरक आणि मेजावरचा लेसर ही दोन स्वतंत्र यंत्रे एकमेकांशी पिकोसेकंदाहून कमी चुकीने जुळवायची होती. १९९८ मध्ये ते साधल्याचे निपेल्स आणि सहकाऱ्यांनी जाहीर केले. १९९९ मध्ये त्याच गटाने, स्कॉटलंडमधील डंडी येथील ॲबर्टे विद्यापीठाच्या ॲलन मॅक्लाउड आणि ॲलन गिलेस्पी यांच्यासह, दूर अवरक्त स्पंदाच्या विद्युत्क्षेत्राचे संपूर्ण मापन प्रसिद्ध केले. सुमारे दोन दशके केवळ संगणकाच्या आलेखात दिसलेल्या कडा आता प्रयोगशाळेत दिसू लागल्या. गणना आणि मापन एकाच टेबलावर शेजारी ठेवून तपासण्याचा काळ इथून सुरू होतो.

या कौशल्याचा लाभ इलेक्ट्रॉनांच्या मापनालाही झाला. वेगवान पुंजक्याचे स्वतःचे विद्युत्क्षेत्र झोताशेजारी ठेवलेल्या झिंक टेल्युराइडच्या स्फटिकातून जाताना त्याचे प्रकाशीय गुणधर्म क्षणभर बदलते आणि त्या क्षणी आरपार जाणाऱ्या लेसरकिरणाचे ध्रुवीभवन वळते. झोताला धक्का न लावता पुंजक्याची लांबी कळते. फेलिक्सवर २००० मध्ये या पद्धतीचे पिकोसेकंदाहून बारीक मापन झाले, २००२ मध्ये एकाच फेरीत एका पुंजक्याची पूर्ण लांबी नोंदवता आली, आणि २००४ मध्ये गील बर्डेन, स्टीव्हन जेमिसन व डंडीच्या गटाने काळाची विभेदनशक्ती आणखी वाढवली. पुढे हॅम्बुर्गच्या ‘फ्लॅश’ या मऊ क्ष-किरणांच्या लेसरवर तिची कसून पारख झाली. क्ष-किरणांचे महाकाय लेसर ज्या मोजमापांवर चालतात, त्यांतली काही अवरक्ताच्या छोट्या यंत्रांवर घडली, ही बाब बहुतेक वर्णनांत निसटते.

वापरकर्त्यांनीही या मापनांची वाट पाहिली नव्हती. १९९३ मध्ये मायकेल फेअर यांच्या गटाने स्टॅनफर्डच्या लेसरने द्रवात आणि काचसदृश घनात रेणूंच्या कंपनांचे फोटॉन-प्रतिध्वनी टिपले. २००० मध्ये फेलिक्सच्या स्पंदांनी मायोग्लोबिन या प्रथिनातील एका कंपनाचे आयुष्य मोजले. व्हँडरबिल्ट विद्यापीठात ६.४५ मायक्रोमीटरचा प्रकाश ऊतक कापताना शेजारच्या भागाला कमी इजा करतो, असे १९९४ मध्ये दाखवले गेले. भारतात इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राने १२.५ ते ५० मायक्रोमीटर पट्ट्यासाठी असे यंत्र उभारले आहे.

सिद्धांताला सर्वांत मोठा धक्का जपानमधून बसला. तोकाई येथील अणुऊर्जा संशोधन संस्थेच्या अतिसंवाहक त्वरकावरचा लेसर सुमारे २२ मायक्रोमीटरवर चाले आणि त्याच्या पुंजक्यांची गाडी बरीच लांब होती. नोबुयुकी निशिमोरी, रिओइची हाजिमा, रिओजी नागाई आणि एइसुके मिनेहारा यांनी २००१ मध्ये दाखवले, की आरशांमधले अंतर तंतोतंत जुळलेले असताना, म्हणजे ‘आळसा’च्या हिशेबाने लेसर विझायलाच हवा अशा जागी, तो टिकून राहतो, इतकेच नव्हे, तर इलेक्ट्रॉनांची ऊर्जा तिथेच सर्वांत चांगली काढून घेतो. जुने गणित चुकीचे नव्हते. त्यात इलेक्ट्रॉनांच्या अनियमित, विखुरलेल्या उत्सर्जनाला जागा नव्हती. ते धरले की स्पंदाच्या पुढच्या कडेला सतत नवे बीज मिळत राहते, असे गणनेत दिसले. २००३ मध्ये हाजिमा आणि नागाई यांनी या अवस्थेतला स्पंद मोजक्या आवर्तनांचा असतो आणि त्याची वारंवारता स्पंदाच्या आतच सरकत जाते, हेही मोजून दाखवले.

स्पंद इतका आखूड झाला की गणनेच्या जुन्या सवयीही अपुऱ्या पडतात. बहुतेक संगणक-आज्ञावली प्रकाशाचे आवरण एका तरंगलांबीत फारसे बदलत नाही असे धरतात आणि इलेक्ट्रॉनांची गती एका आवर्तनावर सरासरीने घेतात. स्पंदच चार-सहा आवर्तनांचा असेल, तर हे गृहीतक डळमळते. २०१२ मध्ये स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातील लॉरेन्स कॅम्बेल आणि ब्रायन मॅकनील यांनी प्रसिद्ध केलेली ‘पफिन’ ही आज्ञावली अशी सरासरी न घेता क्षेत्र आणि इलेक्ट्रॉन जसेच्या तसे पुढे नेते. संगणकाचा भार त्यामुळे बराच वाढतो, पण काही आवर्तनांच्या स्पंदासाठी तो टाळता येत नाही.

क्योतो विद्यापीठात हेइशुन झेन, हिदेआकी ओगाकी आणि हाजिमा यांनी तोकाईची अवस्था आणि फेलिक्सची युक्ती ही दोन्ही सूत्रे एकत्र आणली. त्यांचा त्वरक तोकाईसारखा अतिसंवाहक नाही आणि पुंजक्यांची गाडी आखूड आहे, त्यामुळे तंतोतंत जुळलेल्या अंतरावर लेसर भरात यायला वेळच पुरत नसे. त्यांनी फेलिक्सचा १९९३ चा तोडगा उचलला: आधी आरसे पुंजक्यांच्या तालापासून थोडे दूर ठेवून प्रकाश झपाट्याने वाढवायचा आणि मग गाडी चालू असतानाच ताल बदलत तंतोतंत जुळणीच्या जवळ न्यायचे. २०२० मध्ये त्यांनी या रीतीने इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचा ९.४ टक्के हिस्सा प्रकाशात उतरवल्याचे जाहीर केले. २०२३ मध्ये त्याच यंत्रातल्या मोजक्या आवर्तनांच्या स्पंदाची तीव्रता आणि कला दोन्ही मोजून प्रसिद्ध झाली.